मधू केबलवाला

मधू भगत रस्त्यानं चालताना समोर बघायचा नाही. वर बघायचा. खांब, गच्च्या, आंब्याच्या फांद्या आणि त्यांतून गेलेली त्याची काळी वायर. त्यामुळे रोह्यात तो ज्यांच्यावर आदळला नाही अशा सायकली थोड्याच असतील. पुढे पुढे त्याची मान मागच्या मागे धरली. डॉक्टरनं गळ्याला पट्टा दिला, तर हा पट्टा लावून सगळं अंगच मागे झुकवून वर बघायला लागला. लांबून बघणाऱ्याला वाटायचं, हा माणूस कोणावर तरी रागावून मागे सरकतोय.

तो अजून आहे. तरी माझ्या तोंडी 'होता' असंच येतं.

माझं आणि त्याचं कधी जमलं नाही, हे आधीच सांगून टाकतो. माझं रोह्यात टीव्हीचं दुकान आहे, आणि पेणला त्याच्या आधीचं एक. पेणच्या एसटी स्टँडवर गळ्यात ट्रे अडकवून मी बॅटरीचे सेल आणि कंगवे विकलेत. तिथून इथवर आलो ते कोणाच्या मेहेरबानीनं नाही. मुंबईच्या होलसेलवाल्याशी, दुकानाच्या मालकाशी, वास्तुशांतीच्या भटजीशी, मुलीच्या सासरच्यांशी, सगळ्यांशी मी घासाघीस केली आहे. समोरच्यानं दोन शब्द चढवले, मी चार उतरवले, तोही चिडला, मीही चिडलो, मग चहा झाला, तर मला व्यवहार झाल्यासारखा वाटतो.

मधू घासाघीस करायचा नाही.

रोह्याचं दुकान उघडलं तेव्हा भिंतीवरच्या टीव्हींना केबल हवी होती. तो आला, वर बघत बघत सगळं दुकान फिरला आणि एक आकडा सांगितला. मी सवयीनं निम्मा केला.

"चालेल," मधू म्हणाला.

मी थांबलो. मग आणखी खाली आलो.

"चालेल रं."

"अरे, मग पहिला आकडा कशाला सांगितलास?"

"तू विचारलंस म्हणून सांगितला."

दोरीच्या खेळात समोरच्यानं दोरी सोडून दिली, तर ओढणाराच उताणा पडतो. चार दिवस मी त्यानं टाकलेली वायर तपासत होतो. कुठेतरी जोड दिला असेल, हलका माल घातला असेल. काही नव्हतं. वायर चांगली होती. तेव्हापासून माझ्या डोक्यात तो बसला. घासाघीस न करता हो म्हणणारा माणूस तुमच्याकडे काहीतरी ठेवून जातो, आणि ते परत कसं करायचं हे कळत नाही.

कोणी भेटलं की मधू "कसा आहेस" म्हणायचा नाही. "चित्र येतंय ना?" हेच विचारायचा. लग्नात, मयतात, बाजारात, तेच. एकदा नदीपलीकडच्या अष्टमी गावातल्या एका माणसाला टेम्पोनं उडवलं. दोन्ही पाय प्लास्टरमध्ये. सरकारी दवाखान्यात मधू त्याच्या तोंडाशी वाकला आणि म्हणाला, "चित्र येतंय ना रं?" तो बिचारा म्हणाला, "घरचं येतंय, मधूकाका. इथलं नाय." मधू उठला आणि दवाखान्याच्या भिंतींकडे वर बघत बघत बाहेर गेला. दुसऱ्या दिवशी त्या वॉर्डात केबल आली. कोणी मागितली नव्हती, कोणी त्याचे पैसेही दिले नाहीत.

पण मी जे सांगणार आहे ते त्याच्या चॅनेलचं.

पुलापलीकडे अष्टमीत एका पिठाच्या गिरणीच्या माडीवर त्याची खोली होती. खाली गिरणी चालू असली की माडी थरथरायची, आणि कॅमेऱ्यावर, टेबलावर, मधूच्या भुवयांवर पीठ बसायचं. तिथून तो रोह्याचं चॅनेल चालवायचा. चॅनेलला नाव होतं, पण ते कोणाच्या लक्षात नव्हतं. लोक त्याला 'आपला' म्हणायचे. "आपल्यावर लाव गो, कोण गेलं बघू." कोण गेलं, मयत किती वाजता, कोणाची म्हैस चुकली, कुठल्या आळीत उद्या पाणी नाही, शाळेच्या गॅदरिंगमध्ये कोणाची मुलगी नाचली, हे सगळं आपल्यावर यायचं. आणि पावसाळ्यात कुंडलिका नदी चढायला लागली की मधू पुलाच्या एका खांबावर कॅमेरा रोखून मोकळा व्हायचा. दिवसभर पडद्यावर एक खांब आणि पाणी. गाणं नाही, बोलणं नाही. आणि सगळं गाव ते बघत बसायचं. दोन्ही काठांच्या माणसांना त्या खांबावरच्या खुणा पाठ होत्या. पाणी कुठल्या खुणेला आलं की दुकानातला माल माळ्यावर चढवायचा, हे बायका स्वयंपाक करता करता ठरवायच्या.

मी त्याला म्हणालो, "अरे, सगळं गाव बघतंय, कोपऱ्यात माझ्या दुकानाची जाहिरात टाक."

"पाणी बघू दे रं लोकांना."

"पाणी दिसेल की. कोपऱ्यात म्हणालो."

"चालेल," म्हणाला. आणि टाकलीही. पण एवढी बारीक, की मलाच ती वाचायला टीव्हीजवळ जावं लागलं.

चॅनेलचा खरा मान पालखीच्या दिवशी. दसऱ्यानंतर आमच्याकडे धावीर महाराजांची पालखी निघते. पोलीस सलामी देतात आणि मग देव गावात फिरतो, आळीआळीनं, दारादारानं. रोह्याबाहेरच्या वाचकासाठी सांगतो, देव दाराशी येतो तेव्हा दार उघडं हवं, दारात रांगोळी हवी, घरची बाई आरतीचं तबक घेऊन उभी हवी. देव आपण जाऊन बघायचा नसतो, तो आपल्याकडे येतो. कधी येईल ते मात्र कोणाला सांगता येत नाही. एखाद्या आळीत लवकर सरते, एखाद्या आळीत माणसं नाचत बसतात. पालखी पुढे गेली की मागे वळत नाही. म्हणून मधूनं चौकाचौकात कॅमेरे लावले होते, आणि पडद्याच्या खाली पट्टी फिरायची, 'आपल्या रोह्यातून थेट', आणि तिच्या शेजारी आळीचं नाव. बायका कढईतलं तळण न सोडता त्या पट्टीकडे नजर ठेवायच्या. आपल्या अलीकडची आळी आली की गॅस बंद, साडी नेसायची, तबक घ्यायचं. माझी बायको सुनंदा म्हणायची, "मधूभाऊ देवाच्या पुढे चालतात."

मग स्मार्ट टीव्ही आले.

ते मीच विकले, त्याचं मला काही वाटत नाही. मी विकले नसते तर दुसऱ्यानं विकले असते. कोलाडचे धाबेवाले, खांब गावचे शेतकरी, आखातात मुलं असलेली अष्टमीची मुसलमान कुटुंबं, सगळी माझ्याकडे आली. घरात इंटरनेट आलं, टीव्हीत व्हिडिओ आले, आणि घरोघर एकच वाक्य सुरू झालं, "आता ती केबल काढा हो."

मधू ती काढायला स्वतः जायचा. इतर केबलवाले वायर कापून लोंबती सोडतात. हा छपरापर्यंत चढायचा, वायर हातावर गुंडाळत गुंडाळत उतरायचा, आणि मग त्याच घरात चहा प्यायला बसायचा. त्या लोकांनाच अवघडल्यासारखं व्हायचं. खांबला एका म्हातारीच्या घरी मी नवीन टीव्ही बसवायला गेलो होतो, तेव्हा हा वायर गुंडाळून आत येऊन बसला.

"काय बघतंस गो?" त्यानं म्हातारीला विचारलं.

पडद्यावर कुठल्या तरी परदेशातला माणूस चिखलानं माखलेला गालिचा पाइपानं धूत होता. नुसता धूत होता.

"गालिचे धुताना बघते," म्हातारी म्हणाली.

"आनी?"

"आनी दुसरा धुतो."

"तुझ्याकडं गालिचा हाय?"

"नाय रं बाबा. म्हणून तर बरं वाटतं. मना धुवावा नाय लागत."

मी हसलो. मधू हसला नाही. गालिचा पांढरा होईपर्यंत बघत बसला. जाताना म्हणाला, "साफ निघाला." एवढंच.

एक एक करत घरं तुटत गेली. मला ते दिसत होतं आणि मी काही दगड नाही. मी एक दिवस त्याला दुकानात बोलावलं. दुकानात तेव्हा गिऱ्हाईक होतं, चांगली चार-पाच माणसं. मुद्दाम त्यांच्यासमोरच बोललो, त्याला मान वाटावा म्हणून.

"मधू, तुझी माणसं आणि तू माझ्याकडे या. टीव्ही बसवायचे, नेट जोडून द्यायचं. प्रत्येक घर तुला माहीत आहे. दुकानात खुर्ची देतो. बोल."

मी घासाघिशीची तयारी ठेवली होती. त्यानं काय मागावं आणि मी कुठवर यावं, सगळं मनात ठरलेलं. आणि हा माणूस, ज्यानं जन्मभर 'चालेल'शिवाय काही म्हटलं नाही, तो म्हणाला,

"नाय."

"का नाय?"

"तुझं दुकान माझ्या चॅनेलवर दिसतं, जगू. तुझ्या टीव्हीत आपलं रोहा कुठल्या बटनाला येतं, ते दाव."

मी रिमोट घेतला आणि शोधून दाखवलं. पडद्यावर कोलाडला रबरी होडीत बसून किंचाळणारी शहरातली पोरं आली. एकापुढे एक व्हिडिओ, सगळ्यांत होडी, सगळ्यांत किंचाळणं. मधू मान मागे टाकून बघत राहिला.

"नदी आपलीच हाय," तो म्हणाला. "पन तोंड एक पन आपलं नाय."

गिऱ्हाईक हसलं. माझ्याच दुकानात, माझ्याच टीव्हीसमोर. एकजण तर टीव्ही न घेताच गेला. माझं डोकं फिरलं.

"मग तूच टाक ना नेटवर! तुझा हात कोणी धरलाय? बसलायस पिठात लोळत!"

"चालेल," मधू म्हणाला.

आणि त्यानं खरंच टाकलं. कोलाडच्या एका फोटो स्टुडिओवाल्याकडे बसून शिकला आणि जुन्या पालखीचं सगळं रेकॉर्डिंग नेटवर चढवलं. आपल्या चॅनेलवर गेलं तसंच, पीठ बसलेल्या कॅमेऱ्यासकट. कुवेतहून, दोह्याहून अष्टमीच्या मुलांनी ते बघितलं म्हणे. कोणीतरी लिहिलं, "मधूकाका, आमचं घर दिसलं." तो ते मोबाईलवर सगळ्यांना दाखवत फिरत होता. माझ्या दुकानासमोरूनही गेला, पण आत आला नाही.

त्या वर्षी पालखीला आमच्या आळीत केबल असलेलं घर शोधून सापडलं नसतं. सुनंदा महिनाभर मागे लागली होती, "पालखीपुरती तरी मधूभाऊंची वायर घ्या." मी म्हणालो, टीव्हीवाल्याच्या घरात केबल बघितली तर लोक काय म्हणतील? नेटवर येतंच की सगळं. दुकानातला सगळ्यात मोठा टीव्ही मी घरी लावला होता. सकाळी शोधलं, तर पहिलंच मधूचं आलं. खाली पट्टी, 'आपल्या रोह्यातून थेट'. शेजारी लिहिलेलं, सोनार आळी.

"बघ, आली की नाही?" मी सुनंदाला म्हणालो. सोनार आळीनंतर आणखी एक आळी, मग आम्ही. भरपूर वेळ होता. ती पुऱ्या लाटायला बसली. मी खुर्चीत बसलो.

सोनार आळीत चांगला नाच चालला होता. ढोल घुमत होते. थोड्या वेळानं ते इतके घुमायला लागले, की जमीन हलल्यासारखी वाटायला लागली. मला आपल्या मालाचं कौतुक वाटलं. मी आवाज आणखी वाढवला आणि आत ओरडलो, "अगं, स्पीकर बघ याचे! वाटतं दारातच वाजतंय!"

सुनंदा पिठाचे हात घेऊन बाहेर आली. पडद्याकडे बघत उभी राहिली. मग म्हणाली, "अहो, हे बाळाभाऊ ना?"

पालखीच्या पुढे गुलालानं लाल झालेला एक माणूस हात वर करून नाचत होता. आमच्याच आळीतला बाळा. पावसाळ्यात गेला होता तो. त्याच्या तिरडीला मी स्वतः खांदा दिला होता.

काय झालं ते मला कळायच्या आत सुनंदा दाराकडे धावली. दार उघडलं. उंबऱ्यावर गुलाल पडलेला होता, ओला. रांगोळीवरून पावलं गेली होती. पालखी कोपऱ्यावरून वळत होती, छत्रीचा गोंडा तेवढा दिसला. आणि आळीत दारं बंद. प्रत्येक दाराच्या आतून ढोल वाजत होता, तोच, मागच्या वर्षीचा.

कार्यकर्त्यांनी कडी वाजवली म्हणतात. वाजवलीही असेल. एवढ्या आवाजात काय ऐकू येणार? मागून गर्दीचा रेटा, देव किती वेळ उभा राहणार? सुनंदा पिठाच्या हातांनी दारात बसली. मी तिला म्हणालो, चल, पुढच्या चौकात जाऊन दर्शन घेऊ. ती म्हणाली, "तुम्ही जा. मी देवाच्या मागे कशी धावू? तो दारात उभा होता."

संध्याकाळच्या आत आम्ही आळीतली माणसं पूल ओलांडून गिरणीच्या माडीवर गेलो. पुढे मीच होतो. मधू खुर्चीत बसून चौकाचौकाचे कॅमेरे बदलत होता. पालखी अजून गावात फिरत होती, आणि उरलेल्या घरांना तो ती दाखवत होता. त्याचा चेहरा त्या दिवशी एवढा आनंदी होता, की माझा राग आणखी वाढला.

"मधू, तारीख कुठाय?"

"कसली?"

"नेटवरच्या पालखीवर तारीख कुठाय? खाली 'थेट' लिहिलंस!"

"ती पट्टी रेकॉर्डिंगमधेच हाय रं. तवा थेटच होती." मग त्याला काहीतरी सुचलं आणि तो हसला. "म्हणजे तुमी सगळी मागल्या सालची बघत बसलात?"

"हसतोस काय?"

माझ्या मागून आळीतला एकजण रडवेल्या आवाजात म्हणाला, "आमच्या दारावरून देव परत गेला, मधू. दार बंद होतं."

मधूचं हसणं गेलं. तो आमच्या एकेकाच्या तोंडाकडे बघत गेला. त्या दिवशी पहिल्यांदा तो मला समोर बघताना दिसला.

मला वाटत होतं, आता हा भांडेल. माझी वायर कोणी काढायला लावली, म्हणेल. नेटवर टाक असं तूच म्हणालास, जगू, असं म्हणेल. माझ्याकडे उत्तर तयार होतं. टाक म्हणालो ते खरं, पण तारीख घालू नको असं नव्हतो म्हणालो. ते उत्तर आजही माझ्याकडे तयार आहे. त्यानं विचारलंच नाही.

"माझं चुकलं," मधू म्हणाला.

"चुकलं म्हणून काय होतं? आता बंद कर ते!"

"चालेल."

तो वाकला आणि टेबलाखालचं मोठं बटण त्यानं खाली ओढलं. खोलीतले सगळे छोटे पडदे एकदम निळे झाले. खालची गिरणी तेवढी चालू राहिली.

मी व्हिडिओबद्दल बोललो होतो. नेटवरच्या व्हिडिओबद्दल. समोरच्या माणसानं नीट विचारून घ्यायला नको? पालखी अजून देवळात पोचायची होती. ज्या थोड्या घरांत त्याची वायर उरली होती, तिथल्या बायका तबकं घेऊन निळ्या पडद्यासमोर उभ्या असतील. आळीतलं कोणीतरी म्हणालं, "अरे मधू, हे चालू राहू दे की." पण तो उठून गळ्याचा पट्टा सोडत होता. ज्यानं कधी घासाघीस केली नाही, त्याला आता हळूहळू कसं उतरवायचं ते कोणाला कळेना. आम्ही जिना उतरून आलो.

नंतर तो गावभर फिरून वायरी काढत राहिला. उरलेल्या घरांनी काढू नको म्हटलं, तरी काढल्या. काळ्या वायरींची वेटोळी खांद्यावर घालून तो पुलावरून जायचा, तेव्हा माणसं बाजूला व्हायची. नेटवरचा व्हिडिओ मात्र त्यानं काढला नाही. त्याच्याकडे पुन्हा फिरकलाच नसणार. तो अजून तिथे आहे, खाली 'थेट' लिहिलेला. बाळा अजून नाचतोय.

पुढच्या पावसात कुंडलिका चढली. मोबाईलवर पुराचे व्हिडिओ धो धो यायला लागले. कुठलं गाव, कुठली नदी, कुठलं साल, काही कळेना. एकात कोणाची तरी गाडी वाहून जाताना बघून आमच्या बाजारात पळापळ झाली. तो पूल आमचा नव्हताच. आणि आमचं पाणी खरं चढलं तेव्हा कोणी विश्वास ठेवला नाही. पेढीवरच्या तिजोऱ्या, किराणा, माझ्या गोदामातले खालच्या ओळीतले खोके, सगळं भिजलं. मधूच्या खांबावरच्या खुणा बघायला छत्र्या घेऊन माणसं पुलावर जात होती, त्यांना पोलीस हाकलत होते.

पुढची पालखी आमच्या दारात आली. सुनंदा पहाटेपासून उंबऱ्यात बसून होती, टीव्ही बंद, चूल बंद. तिनं ओवाळलं. मी म्हणालो, झालं ना आता समाधान? ती तबक आत ठेवायला गेली. आळीतल्या सगळ्याच बायका तशा बसल्या होत्या, दिवसभर, एकमेकींशी न बोलता रस्त्याकडे कान लावून. त्या दिवशी मी ठरवलं की मधूला परत आणायचा. माझ्या दारासाठी म्हणा, सुनंदासाठी म्हणा, किंवा त्या 'नाय'चा हिशोब अजून राहिला होता म्हणून म्हणा.

तो पेणकडे खाडीकाठी त्याच्या बहिणीच्या गावी राहायला गेला होता. पेणच्या दुकानात काम होतं, तेव्हा तिकडे वाट वाकडी केली. त्या बाजूला मिठागरं होती, मधूचं सगळं कुळ मिठात राबलेलं. आता बांध फुटून पाणी आत आलंय आणि कांदळाची झाडी माजलीय. बहिणीनं दार उघडलं.

"या शेठ. आत हाय. बोलतोय का बघा."

मधू पलंगावर बसला होता. समोरच्या भिंतीवर टीव्ही, चांगला मोठा, भाच्यानं मोबाईलवरून मागवलेला. माझ्याकडून नाही. पडद्यावर बर्फ होतं. कोणीतरी आगगाडीच्या इंजिनाच्या काचेतून पुढचा रूळ दाखवत होतं. कुठला देश, कुठली गाडी, काही लिहिलेलं नव्हतं. रूळ येत होते आणि पोटाखाली जात होते. मधू सरळ समोर बघत होता. मान आता मागे नव्हती.

"मधू, आळीनं पाठवलंय मला," मी म्हणालो. "चॅनेल परत सुरू कर. नवा कॅमेरा मी देतो."

"चालेल."

"गिरणीची माडी नको. माझ्या दुकानावरची खोली देतो. भाडं नाही."

"चालेल."

"तुझ्या चॅनेलवर माझी जाहिरात नको. एक अक्षर नको. वायर सगळी मी टाकून देतो, मी स्वतः खांबावर चढतो, आणखी काय पाहिजे?"

"चालेल रं."

मी चढत गेलो. एकटाच. बाजारात असं कोणी केलं असतं तर मी त्याला वेडा म्हटलं असतं. समोरचा काही मागत नव्हता आणि मी देत सुटलो होतो. माझा आवाज चढला. त्याची बहीण पाण्याचा तांब्या घेऊन दारात थबकली. मी पलंगाच्या पुढे जाऊन उभा राहिलो.

"मग येतोस कधी? दिवस सांग! नुसतं चालेल चालेल काय?"

मधूनं हात उचलला. मला वाटलं, हात मिळवायला. त्यानं माझ्या कमरेला हात लावून मला हळूच एका बाजूला सारलं.

"जरा सरक, जगू. बोगदा येतोय."

मी सरकलो. गाडी बोगद्यात शिरली आणि टीव्ही काळा झाला. बहिणीनं तांब्या खाली ठेवला. त्या काळ्या काचेत मधू दिसत होता, पलंगावर बसलेला, आणि त्याच्या शेजारी उभा मी. तो आमच्या दोघांच्या पलीकडे कुठेतरी बघत होता, उजेड कुठून येतो त्याच्यावर डोळा ठेवून.

मी पाणी प्यालो, दारात चपला घातल्या आणि बोगदा संपायच्या आत निघालो.